थोरलीवरची सही

गल्लीच्या तोंडाशी लाँड्री आणि लाँड्रीच्या मागे दोन खोल्या, एवढं तिचं जग. गल्ली तिला इस्त्रीताई म्हणायची. घरात ती थोरली, आणि तिच्या पाठचा एकुलता एक भाऊ तो धाकटा. लाँड्री आधी आईने चालवली. आईचे हात भरून यायला लागले तेव्हा थोरलीने इस्त्री हातात घेतली, ती घेतलीच.

वडील लवकर गेले. आई दिवसभर टेबलापाशी उभी, त्यामुळे धाकट्याची आंघोळ, जेवण, शाळा हे सगळं थोरलीकडे आलं. ती काही त्याच्याहून फार मोठी नव्हती, पण कडेवर पोर असलेली मुलगी आपोआप मोठी दिसते. धाकटा गरीब स्वभावाचा. मारामारी नाही, उलट उत्तर नाही. खोड एकच. एखादी वस्तू जागची उचलायची, भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवायची आणि मग लांब जाऊन तिच्याकडे बघत राहायचं. चित्रकलेच्या मास्तरांनी एकदा सांगितलं, उद्या सगळ्यांनी ‘माझं घर’ काढून आणा. दुसऱ्या दिवशी धाकट्याने घराच्या दाराची कडी नेऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवली.

“हे काय?”

“घर काढून आणा म्हणालात. सगळं नाही निघालं.”

मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि कडी जप्त केली. घरी बरेच दिवस दाराला आतून स्टूल लावून झोपावं लागलं.

“हा पुढे होणार तरी कोण?” आईने कपाळाला हात लावून विचारलं.

“सुतार,” थोरली म्हणाली.

तो सुतार झाला नाही. कलाशाळेत गेला, तिथून त्याला काढून टाकलं, आणि काढून टाकल्यावर त्याचं नाव झालं. पहिल्या प्रदर्शनात त्याने घरातलं तेच स्टूल मांडलं. दुसऱ्यात इस्त्रीच्या टेबलावर अंथरायचं आईचं जुनं ब्लँकेट भिंतीवर टांगलं, जळल्याच्या डागांसकट. घरातल्या वस्तू अशा एकेक करून नावारूपाला येत गेल्या आणि थोरली त्यांच्या जागी दुसऱ्या आणत गेली. पेपरात मोठा मथळा आला, ‘ही कला आहे काय?’ आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “मलाही हेच विचारायचं होतं. माझं ब्लँकेट कुठे आहे ते विचारलंय का त्यांनी?”

एका प्रदर्शनाच्या दिवशी तर त्याने दालनाला कुलूपच लावलं. निमंत्रणं घेऊन आलेले लोक रस्त्यावर ताटकळले. तेच प्रदर्शन, असं आत लावलेल्या कागदावर लिहिलं होतं, पण तो कागद आत असल्यामुळे कुणाला वाचता आला नाही. एका निवृत्त न्यायाधीशांनी संतापाने दारावर काठी हाणली. पुढच्या वर्षी धाकट्याने ते दार मांडलं, काठीच्या खुणेसकट, आणि न्यायाधीशांना उद्घाटनाला बोलावलं. ते आले. चांगलं बोललेही.

थोरलीला यातलं फारसं कळत नव्हतं आणि तिने तसं कधी लपवलं नाही. आपला तो बाब्या, या न्यायाने ती भावाची बाजू घ्यायची. “त्याने कुणाचं वाईट केलंय का?” एवढंच ती विचारायची, आणि धाकट्याचे शर्ट मात्र स्वतः इस्त्री करायची. जगाने त्याला वेडा म्हणावं, गबाळा म्हणू नये.

तिचं लग्न पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करणाऱ्या माणसाशी झालं. माणूस मोजकं बोलणारा. पंप सुरू आहे की बंद, एवढं कळलं की पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही, असं त्याचं मत होतं. आई गेली. लेक मोठी होऊन लग्नानंतर दुसऱ्या गावी राहायला गेली. आणि मग ते सहीचं प्रकरण घडलं.

शहरात नवं कलासंग्रहालय उघडणार होतं. उद्घाटनाला धाकट्याची नवी कलाकृती होती. त्याने संध्याकाळी घालायचा शर्ट थोरलीकडे दिला होता आणि न्यायला नेहमीप्रमाणे विसरला होता. थोरली हँगरवर शर्ट टांगून स्वतःच निघाली. अंगात लाँड्रीचा एप्रन तसाच, छातीशी सेफ्टी पिनांची रांग. दालनाच्या दारात तिला कुणी अडवलं नाही, कारण हातात इस्त्रीचा शर्ट असलेल्या माणसाला कुणी अडवत नाही.

आत पाहुण्यांची दाटी. मधोमध पांढरा चौथरा, आणि चौथरा रिकामा. धाकटा त्याच्या शेजारी बनियनवर कोट चढवून उभा होता. थोरलीला बघताच त्याने हँगर घेऊन कुणाच्या तरी हातात दिला, बहिणीचा हात धरला आणि तिला चौथऱ्यावर चढवलं.

“अरे, काय हे? उतरव मला.”

“ताई, जरा थांब.”

त्याने खिशातून जाड पेन काढलं, तिची बाही मागे सारली आणि मनगट ते कोपर अशी लांबलचक सही ठोकली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “झालं. आजपासून ही कलाकृती आहे.”

मग टाळ्या पडल्या. एका समीक्षकाने डोळे पुसले. दुसरा तोंड वाकडं करून निघून गेला, तेव्हा तर टाळ्या आणखी वाढल्या. थोरली उभीच होती. आपण निघताना इस्त्रीचं बटण बंद केलं का, हा विचार तिच्या डोक्यात चालला होता. पण तो चालू असतानाच तिला हेही जाणवलं की एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत आणि कुणाच्याच हातात कपड्यांचं गाठोडं नाही. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. भाषणं संपेपर्यंत ती खाली उतरली नाही.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला हात दाखवला. नवरा तिला आणायला जाऊन आला होता, पण ती चौथऱ्यावर दिसल्यावर दारावरूनच परतला होता. दारात पाटी होती, ‘कलाकृतींना हात लावू नये’.

“बरं,” तो म्हणाला, “मग आता?”

“आता काय? जेवायला बस.”

शाईचा डाग काढणं म्हणजे थोरलीच्या हातचा मळ. कुठली शाई कशाने निघते हे ती झोपेत सांगू शकली असती. तरी तिने त्या सहीला काही लावलं नाही. उलट काही दिवस उजवा हात पाण्याबाहेर ठेवून डाव्या हाताने भांडी घासली, आणि नवऱ्याला सांगितलं की खांदा धरलाय. सही आपसूक फिकी होत गेली. शेवटचं वळण कोपराजवळ बराच काळ टिकलं. तेही गेलं तेव्हा तिला रिकामं वाटलं, पण हे सांगायचं कुणाला?

सही गेली तरी थोरली कलाकृतीच राहिली, कारण संग्रहालयाने ती रीतसर संग्रहात घेतली. जतन विभागाच्या एक बाई वर्षातून एकदा तिची पाहणी करायला यायच्या. पहिल्या भेटीत त्या फार अवघडल्या होत्या.

“थेट उन्हात ठेवू नये, असा आमचा साधारण नियम आहे,” त्या म्हणाल्या.

“ठेवू नये म्हणजे मला?”

“हो. आणि दमट हवेत तर नकोच.”

वाफेच्या इस्त्रीने लाँड्रीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. बाईंनी ते बघितलं, थोडा विचार केला आणि ‘हवा: बरी’ असं लिहून टाकलं. पुढे पुढे त्या चहा घेऊन जायला लागल्या. आपले कोट घेऊन यायला लागल्या. थोरलीचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, “तुम्ही कलप लावणार आहात का? म्हणजे लावा, पण आधी कळवा.”

“नाही लावणार.”

“मग तो नैसर्गिक बदल. त्याला आमची हरकत नाही.”

“माझ्याही वयाला कुणी हरकत घेतली नाही,” नवरा कोपऱ्यातून म्हणाला. वर्षभरातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

संग्रहालयाच्या भिंतीवर तिची पाटी लागली. वर धाकट्याचं नाव, खाली ‘माध्यम: स्त्री’. गल्लीतले काही जण मुद्दाम बघून आले आणि पाटीत छपाईची चूक आहे, ‘इ’ राहिलाय, असं परत येऊन सांगू लागले. एका मोठ्या प्रदर्शनासाठी तिला आठवडाभर चौथऱ्यावर उभं राहायला बोलावलं होतं, तीही हौसेने गेली. लोक तिच्याभोवती फिरून बघायचे. एका विद्यार्थिनीने विचारलं, “या कलाकृतीचा नेमका अर्थ काय?”

“मला नका विचारू,” थोरली म्हणाली, “मी फक्त कलाकृती आहे.” आणि त्या मुलीची दुमडलेली कॉलर तिने वाकून सरळ केली. पहारेकरी गोंधळला. लोकांनी कलाकृतीला हात लावायचा नाही हे त्याला पाठ होतं, पण कलाकृतीने लोकांना हात लावला तर काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

एवढं सगळं हसण्यावारी नेलं तरी थोरलीच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. धाकट्याने आपल्यात काहीतरी बघितलं. काय ते तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायचा धीरही झाला नव्हता. पण तो वस्तू उगाच उचलत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. सकाळी लाँड्रीचं शटर वर करताना ती पाठ जरा ताठ ठेवायची.

आणि मग गुडघे बोलायला लागले. जन्म उभ्याने गेला होता, ते तरी किती सोसणार? उजवा गुडघा तर पार कामातून गेला. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि सांगितलं, “बदलावा लागेल. धातूचा घालू.”

रिक्षात बसल्यावर नवऱ्याने फोटोचं पाकीट मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाला, “संग्रहालयाला कळवायला हवं.”

“गुडघा माझा आहे.”

“पण केसांच्या वेळी त्या बाई म्हणाल्या होत्या, आधी कळवा.”

बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “ताई, माझ्यासाठी तुम्ही आधी माणूस आहात, हे लक्षात घ्या. पण पाच जणांच्या समितीत प्रश्न निघालाय. मूळ भाग काढून नवा घातला तर ती मूळ कलाकृती राहते का? दोघांचं मत राहते, दोघांचं नाही.”

“आणि पाचवे?”

“ते म्हणतात, काढलेला गुडघा आम्हाला मिळेल का?”

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की आमच्याकडे तो कचऱ्यात जातो, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

समितीने शेवटी निर्णय धाकट्यावर सोपवला. त्यासाठी का होईना, तो ऑपरेशनच्या दिवशी सकाळी इस्पितळात आला. इस्पितळाची त्याला लहानपणापासून धास्ती. खाटेजवळच्या खुर्चीत तो अंग चोरून बसला. केस विरळ झाले होते, शर्ट चुरगळलेला होता.

“ही इस्त्री कुणी केली?” थोरलीने विचारलं.

“मीच.”

“दिसतंय.”

नवरा औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत दोघंच. थोरलीला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर मग राहिलंच.

“एक विचारू? त्या दिवशी तू मलाच का उभं केलंस?”

धाकटा सावरून बसला. हा प्रश्न त्याला शेकडो वेळा विचारला गेला होता. “श्रमाचा जो देह असतो ना, ताई...”

“ते मी टीव्हीवर ऐकलंय. खरं सांग.”

धाकट्याने चुरगळलेली बाही खाली ओढली. त्याच्या टीकाकारांनी त्याला नाही नाही ते म्हटलं होतं, पण खोटारडा असं कुणीही म्हटलं नव्हतं.

“काही सुचलंच नव्हतं,” तो म्हणाला. “चौथरा मागवला, तो येऊन पडला, आणि ठेवायला काही नाही. पाहुणे जमले. माझे हातपाय गार पडले होते. तेवढ्यात तू शर्ट घेऊन दारातून आलीस.”

“म्हणजे दुसरं कुणी आलं असतं तर?”

“तर तेच.”

“तो सरबताचे ग्लास फिरवणारा माणूस होता, तो आला असता तर?”

“त्याच्यावर केली असती सही.”

थोरलीने अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढली.

“तो चांगला उंच होता,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. धाकट्याने दोनदा ताई अशी हाक मारली. तिने पडदा सरकवायला सांगितलं, आणि मग तिला न्यायला माणसं आलीच.

ऑपरेशन चांगलं झालं. भूल उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो लाँड्रीचा. टेबलाखाली गाठोडी पडून होती आणि लोकांचा खोळंबा झाला होता. नवऱ्याला पंप सोडून चालणार नव्हतं. धाकटा म्हणाला, “मी करतो.” यावर हसावं की नाही हे कुणालाच ठरवता आलं नाही, आणि मग दुसरा इलाजही नव्हता.

अशा रीतीने, ज्याने निम्म्या शहराची झोप उडवली तो माणूस गल्लीत इस्त्री करू लागला. थोरली शेजारी खुर्चीत, पाय स्टुलावर. ती त्याच्याशी बोलत होती, पण कपड्यांपुरतंच.

“आधी कॉलर. आतल्या बाजूने.”

“अशी?”

“इस्त्री पुढे ढकल, दाबू नकोस. ती काय पळून जातेय?”

त्याला ते जमत नव्हतं. पण तो पहाटे येऊन शटर उघडायचा, पाणी भरायचा, तिच्या पायाचा व्यायाम मोजून करून घ्यायचा आणि ती कण्हली की स्वतःच डोळे मिटून घ्यायचा. पत्रकार एकदा शोधत आले आणि ही नवी कलाकृती का, असं विचारू लागले. “नाही, ही पँट आहे,” तो म्हणाला, “आणि आज संध्याकाळी द्यायची आहे.” थोरलीने ते ऐकलं. त्या दिवशी दुपारी तिने त्याच्या ताटात आपल्या हाताने वाढलं.

मग जतन विभागाच्या बाई आल्या, तिची चाल बघून खूश झाल्या आणि कामाचं काढलं. “समितीला उत्तर हवंय. ही कलाकृती पुढे चालू ठेवायची की नाही?”

धाकट्याने इस्त्री उभी करून ठेवली. “हे मला विचारू नका,” तो म्हणाला, “तिला विचारा.”

“कलाकृतीला विचारायची पद्धत नाही आमच्यात.”

“मग पाडा.”

दोघंही थोरलीकडे बघू लागले. तिने पाय स्टुलावरून हळूच खाली घेतला.

“तू म्हणशील तर मी सही मागे घेतो, ताई. आत्ता घेतो. ती काही विचार करून केलेली नव्हती.”

“ते कळलं मला,” थोरली म्हणाली. “फार लागलं ते मला. गुडघ्यापेक्षा जास्त.” हे तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं की बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “पण सही तू केलीस. उभी मी राहिले. इतकी वर्षं मीच राहिले, आणि ते काही सरबतवाल्याला जमलं नसतं. तेव्हा राहू दे. फक्त पुढच्या वेळी मी बसणार. खुर्ची पाठीची हवी.”

बाईंनी ते लिहून घेतलं. धाकट्याने नाक ओढलं, वाफेने असेल, आणि फवारा उचलून एका कोरड्या टॉवेलवर विनाकारण पाणी मारत राहिला.

“झाला ना ओला,” थोरली म्हणाली. “आता तो वाळवायचा कुणी?”

पंधरवड्यात संग्रहालयातली पाटी बदलली. ‘माध्यम: स्त्री व धातू.’ गल्लीतले लोक पुन्हा बघून आले. स्त्री आणि धातू म्हणजे शेवटी इस्त्रीच की, यावर त्यांचं एकमत झालं, आणि छपाईची तक्रार मिटली.

थोरली काठीशिवाय चालायला लागली तरी धाकटा यायचा थांबला नाही. सकाळी ती उभी राहायची, दुपारनंतर तो. एका दुपारी ती मागच्या खोलीतून बाहेर आली आणि तिला वास आला. धाकटा टेबलापाशी खिळल्यासारखा उभा होता. समोर एका बसचालकाचा गणवेशाचा शर्ट, आणि पाठीवर मधोमध इस्त्रीचा अख्खा ठसा, तपकिरी, टोकापासून टाचेपर्यंत रेखीव. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. ठसा देखणा होता, हे थोरलीलाही नाकारता आलं नसतं. धाकट्याच्या खिशात पेन होतं. ती वाट बघत राहिली.

तेवढ्यात बसचालक स्वतःच दारात आला. धाकट्याने शर्ट उचलला, टेबलामागून पुढे गेला आणि तो त्याच्यासमोर धरला.

“माझ्या हातून जळला. लक्ष नव्हतं माझं. चुकलो मी. नवा आणून देतो.”

बसचालकाने शर्ट पालथा करून बघितला, मग धाकट्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि त्याच्या खांद्यावरून थोरलीला विचारलं, “इस्त्रीताई, हा कोण?”

“माझा भाऊ,” थोरली म्हणाली. “नवीन आहे.”

“शिकेल,” बसचालक म्हणाला आणि दुसरा शर्ट टेबलावर ठेवून निघून गेला.